रीकोटिंग केलेल्या टबाचे पापुद्रे पुन्हा सुटतात: नळापासून तळापर्यंतची तपासणी

टबाला किंवा बेसिनला नवं कोटिंग होतं, चार-सहा महिने चकचकीत दिसतं, मग जाळीच्या कडेला नखाएवढा पापुद्रा उचलला जातो. कारागीर येतो, तेवढी जागा घासून वरून रंग मारतो. दोन महिन्यांत पापुद्रा त्याच जागी पुन्हा हजर, आणि आता रुपयाच्या नाण्याएवढा. वरून मारलेला कोट टिकत नाही, कारण बिघाड बहुतेक वेळा कोटाच्या खाली असतो, नाहीतर वरच्या नळात. म्हणून रंगाचा डबा उघडण्याआधी पुढच्या तपासण्या करा. पहिल्या पाच जवळपास फुकटच्या आहेत आणि बरीचशी प्रकरणं तिथेच उलगडतात.

लक्षणं

पापुद्रा कुठे सुटलाय आणि कसा दिसतो यावरून अर्धं निदान होतं.

- वेस्ट कपलिंगच्या, म्हणजे जाळीच्या, कडेनं गोल पापुद्रे: नळ ठिबकतोय, किंवा कपलिंग न काढताच कोट मारलाय.
- तळावर एका मापाचे गोल फोड, रांगेत: चोषकं (तळाला चिकटणारे रबरी कप) असलेली रबरी मॅट.
- तळाच्या एकाच भागात पाणी भरल्यासारखे फुगे: उतार चुकलाय, तिथे पाणी साचतं.
- वीतभर पापुद्रा एका ओढीत, प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा: पृष्ठभागाची तयारीच झालेली नाही.
- पहिल्याच दिवसापासून माशाच्या डोळ्यासारखे बारीक खळगे: खाली सिलिकॉन किंवा तेल होतं.
- टाचणीच्या टोकाएवढी असंख्य छिद्रं: दमट हवेत फवारणी.
- नखानं दाबलं तर खूण उमटते: हार्डनरचं (रंग कडक व्हावा म्हणून त्यात मिसळायच्या रसायनाचं) माप चुकलं, किंवा घाईनं पाणी सोडलं.
- केसासारख्या चिरा, पाय पडतो त्या भागात: कोटाखालचा टबच लवतोय.
- तपकिरी ठिपका, भोवती फुगवटा: गंज.
- सगळीकडे सारखा पिवळेपणा: वरचा कोट इपॉक्सीचा आहे.

शेवटच्या लक्षणात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. इपॉक्सी हे कडक पिकणारं राळेसारखं रसायन उजेडानं पिवळं पडतंच. ते प्रायमर म्हणून, म्हणजे खालचा पहिला थर म्हणून, उत्तम, वरचा कोट म्हणून चूक. वर ॲलिफॅटिक पॉलीयुरेथेन (उजेडात पिवळा न पडणारा रंग) लागतं. मात्र पिवळेपणा पाण्याच्या धारेखालीच, वरून खाली पट्ट्यासारखा असेल तर तो बोअरच्या पाण्यातल्या लोहाचा डाग आहे. डागाच्या एका कोपऱ्यात कापसाच्या बोळ्यानं लिंबाचा रस दोन मिनिटं लावून लगेच धुवून टाका. डाग फिका झाला तर कोटिंगचा दोष नाही.

सुरुवातीला: मुळात झिजलंय का?

ज्यांनी अजून रीकोटिंग केलेलंच नाही, फक्त बेसिन 'गेलंय' असं वाटतंय, त्यांच्यासाठी. मूळ चिनी मातीचं बेसिन साधारण १,२०० अंश सेल्सिअसला भाजलेलं असतं आणि त्यावरची चकाकी ही खरं तर काच असते. ती वापरानं इतक्या सहजी जात नाही. खरखरीत, मळकट दिसणारी बरीच बेसिनं क्षारांच्या थरानं तशी दिसतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन जुना रुमाल भिजवा, अर्धा तास अंथरून ठेवा, नायलॉनच्या मऊ ब्रशनं घासा. स्टीलच्या भांड्यांच्या, बादलीच्या कडीच्या, बांगड्यांच्या करड्या रेघा म्हणजे चकाकीवर घासून बसलेला धातू, ओरखडा नव्हे. ऑक्झॅलिक ॲसिड असलेल्या सौम्य क्लीनरनं त्या निघतात. हे सगळं फक्त मूळ चिनी मातीवर करायचं. कोटिंग असेल तर हेच उपाय नुकसान करतात.

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. साधं भिंतीवरचं पांढरं बेसिन खरोखर झिजलं असेल तर रीकोटिंगच्या भानगडीत पडू नका, बदला. नवं दोन-तीन हजारांच्या आत येतं आणि ते भट्टीतून निघालेलं असतं. रीकोटिंगला अर्थ आहे तो बिडाच्या जुन्या टबाला, ग्रॅनाइटखाली चिकटवलेल्या बेसिनला, किंवा भोवतीच्या टाइल्स फोडल्या तर वॉटरप्रूफिंग जाईल अशा टबाला. हॉटेलं आणि जुने बंगले ते करून घेतात ते याच हिशोबानं.

तपासणी १: नळ (खर्च शून्य)

रात्री झोपण्याआधी टब किंवा बेसिन कोरडं पुसा. जाळीवर आणि नळाच्या तोंडाखाली टिश्यू पेपरची घडी ठेवा. दहा मिनिटांनी बघा, मग सकाळी बघा. पेपर ओला झाला असेल तर पापुद्र्याचं कारण सापडलं असं धरून चाला, निदान अर्धं.

सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, निदान चार लिटर. तेवढं पाणी रोज एकाच रुपयाएवढ्या जागेवर पडतं आणि तिथून जाळीकडे वाहत जातं. कोटिंगची जाडी व्हिजिटिंग कार्डाच्या निम्म्याहून कमी असते. ते सतत ओलं राहिलं की पाणी त्यातून आत झिरपतं; खाली साबणाचा किंवा क्षाराचा कण राहिला असेल तर तो पाणी ओढून घेतो आणि फोड येतो. अधूनमधून भिजून पूर्ण वाळणारा कोट वर्षानुवर्षं टिकतो, कायम ओला राहणारा टिकत नाही. त्यामुळे नळ ठीक न करता मारलेला दुसरा, तिसरा, चौथा कोट सारख्याच मुदतीत सुटतो.

जुन्या पद्धतीच्या नळात रबरी वॉशर असतो, दहा-वीस रुपयांचा. नव्या नळात सिरॅमिक डिस्कचं स्पिंडल असतं, ते काही शे रुपयांना मिळतं. खालचा अँगल कॉक (नळाला येणारं पाणी बंद करायची छोटी तोटी) बंद करा, नळाची मूठ काढा, जुनं स्पिंडल सोबत नेऊन त्याच मापाचं आणा. अँगल कॉक बंद करूनही ठिबकत असेल तर तोही बदलावा लागेल. भिंतीतला मिक्सर गळत असेल तर प्लंबर बोलवा. तिथे टाइलमागे पाणी मुरत असण्याची शक्यता असते.

तपासणी २: रोजचा वापर (खर्च शून्य)

चोषकं असलेली मॅट असेल तर उचला आणि परत टाकू नका. मॅटवर उभं राहिलं की प्रत्येक चोषक कोटाला ओढतं, आणि मॅट उचलताना ती ओढ सगळ्यात जास्त असते. शिवाय खाली पाणी अडकून राहतं. घसरण्याची भीती असेल तर कोटिंग करतानाच तळाला खरखरीत पट्टा मारून घ्या.

आपल्याकडे टब असूनही आंघोळ बादली-तांब्यानंच होते, बादली टबात ठेवून. भरलेली वीस लिटरची बादली सरकवली की तिच्या तळाची कडा कोटावर पटाशीसारखी चालते. बादली टबाबाहेर ठेवा, नाहीतर खाली जाड कपडा घाला आणि रोज वाळत टाका. प्लॅस्टिकच्या स्टुलाच्या पायांनाही हेच लागू.

क्लीनिंगची पावडर, तारेचा घास, हिरवी खरखरीत घासणी, टॉयलेट साफ करायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड, ब्लीच: यातलं एकही कोटिंगला चालत नाही. आठवड्याला एकदा ॲसिड वापरणाऱ्या घरात कोट वर्षभरात खडूसारखा पांढुरका होतो. भांड्यांचं लिक्विड आणि मऊ फडकं एवढंच. केसांचा रंग आणि हळद लगेच धुवा. दिवाळीचं उटणंही जरा जपून, ते बऱ्यापैकी खरखरीत असतं.

गीझरचं कडकडीत पाणी थेट सोडू नका. आधी गार पाणी, मग गरम. कोट आणि खालचं बीड किंवा चिनी माती सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. रोजच्या झटक्यांनी कडा सैल होतात.

तपासणी ३: पाणी कुठे थांबतं (खर्च शून्य, किंवा एक पाणसळ)

टबात इंचभर पाणी भरून जाळी उघडा. पाणी गेल्यावर पाच मिनिटांनी कुठे डबकं राहिलंय ते पाहा. फोड नेमके तिथेच असतील तर टब बसवताना उतार चुकलाय. पाणसळ कडेवर ठेवून खात्री करा, पण कडेवर सरळ दिसला तरी तळाला खोलगट असू शकतो, म्हणून डबक्याचा पुरावा जास्त भरवशाचा. मोकळ्या पायांवरचा टब पायाखाली पाचर घालून उचलता येतो. विटांच्या चौथऱ्यात बसवून टाइल्स लावलेला टब हलवता येत नाही. मग दर वेळी आंघोळीनंतर ते पाणी फडक्यानं पुसायचं, एवढाच पर्याय उरतो. कंटाळवाणा आहे खरा, पण लागू पडतो.

तपासणी ४: लोहचुंबक आणि टकटक (खर्च शून्य)

फ्रिजवरचं चुंबक टबाच्या बाजूला लावा. चिकटलं तर बीड किंवा पत्रा. बोटाच्या पेरानं ठोका: बिडाचा आवाज ठस्स, पत्र्याचा घणघणीत. चुंबक चिकटत नसेल आणि हाताला थंडगार लागत असेल तर चिनी माती. कोमट लागत असेल, दाबल्यावर किंचित लवत असेल तर ॲक्रिलिक किंवा फायबर.

हे कळणं एवढ्यासाठी महत्त्वाचं की बिडावरचं, पत्र्यावरचं एनॅमल आणि चिनी मातीवरची चकाकी काच आहे. काचेवर रंग धरत नाही. आधी ॲसिडनं तिला सूक्ष्म खरखरीत करावं लागतं किंवा सिलेनचा बाँडिंग एजंट लावावा लागतो. ॲक्रिलिक आणि फायबरवर ते ॲसिड कुचकामी. तिथे घासकाम आणि प्लॅस्टिकला चिकटणारा प्रायमर लागतो. कारागिरानं सगळ्यांना एकच पद्धत वापरली असेल तर पुढचं काही बघायची गरजच नाही.

बेसिन ठोकल्यावर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर ते तडकलंय. त्यावर कोटिंग करू नका. तडा झाकला जातो, भरत नाही, आणि बेसिन निखळून पायावर पडलं तर त्याची धार सुरीसारखी असते.

तपासणी ५: पापुद्र्याची मागची बाजू (खर्च शून्य)

ही तपासणी फार कमी लोक करतात आणि सगळ्यात जास्त तीच बोलते. सुटलेला पापुद्रा फेकू नका. तो उलटा करून उन्हात धरा, आणि तो जिथून निघाला ती जागाही टॉर्चनं बघा. दोन्ही बाजू एकत्र वाचायच्या.

मागची बाजू आरशासारखी गुळगुळीत आणि खाली मूळ चकाकी तशीच चमकते: चकाकी खरखरीत केलीच नव्हती, किंवा बाँडिंग एजंट लावला नव्हता. कोट नुसता अंगावर पांघरलेला होता. अशा टबावर तुकड्या-तुकड्यानं दुरुस्ती करण्यात पैसे घालवू नका. आज जाळीपाशी सुटलंय, उद्या कडेला सुटेल. सगळा कोट उतरवून पहिल्यापासून काम व्हायला हवं.

मागे पांढरी भुकटी: एकतर साबण-क्षाराचा थर पुरता निघाला नव्हता, किंवा घासकामाची धूळ पुसली नव्हती. बोट फिरवून भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसली तर क्षार, नाहीतर धूळ. 

प्रायमर टबावर शाबूत, फक्त वरचा कोट निघाला: दोन कोटांमधला दोष. इपॉक्सी प्रायमर दमट हवेत वाळताना पृष्ठभागावर मेणचट साय येते. ती थिनरनं नीट जात नाही, कोमट पाण्यानं घासून धुवावी लागते. ती न धुता वरचा कोट मारला, किंवा डब्यावर लिहिलेल्या मुदतीनंतर मारला, की कोट सुटा राहतो. यात दिलासा असा की टबापर्यंत उतरावं लागत नाही. प्रायमर धुवून, घासून वरचा कोट नव्यानं मारता येतो.

पापुद्र्याबरोबर लांबीचा (खड्डा भरायच्या पुटीचा) जाड थर निघाला: टवका भरायला गाड्यांच्या डेंटिंगची पॉलिस्टर लांबी वापरलीय. ती पाणी शोषते. कोरड्या कडेवर चालून जाते, जाळीपाशी नाही. तिथे इपॉक्सी लांबीच हवी.

मागे तपकिरी: गंज, तपासणी ९ पाहा.

पापुद्रा रबरासारखा, दुमडला तरी तुटत नाही, वास येतो: कोट पुरता पिकलेलाच नाही. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळतं हा गैरसमज कामावर सर्रास दिसतो. रंगाच्या ४ भागांना हार्डनरचा १ भाग लिहिलं असेल तर तेच, आणि आकारमानानं की वजनानं हेही बघूनच. प्रमाण दोन्हीकडे चुकलं तरी कोट मऊ किंवा ठिसूळ राहतो आणि नंतर काहीही करून सुधारत नाही.

तपासणी ६: चिकटपट्टीची परीक्षा (खर्च: एक कटर ब्लेड)

एका ठिकाणी पापुद्रा सुटलाय, बाकीचा कोट धरून आहे का? नजरेआडच्या जागी, कडेच्या कोपऱ्यात, नव्या ब्लेडनं २ मिलिमीटर अंतरावर सहा समांतर रेघा मारा, त्यांना आडव्या सहा. पंचवीस चौकोन होतील. त्यावर पॅकिंगची पट्टी घट्ट दाबून एका झटक्यात ओढा. रंगाच्या उद्योगात हीच परीक्षा आयएसओ २४०९ या मानकानं होते. एखादा चौकोन निघाला तर चालेल. चार-पाच निघाले तर पकड कच्ची आहे, आणि जाळीपाशी केलेली डागडुजी व्यर्थ. नंतर त्या रेघांवर दोन-भागी (ऐनवेळी हार्डनर मिसळायच्या) रंगाचा बारीक ब्रश फिरवा, नाहीतर पाणी तिथूनही शिरेल.

तपासणी ७: सिलिकॉनची कडा

टब आणि टाइल यांच्या सांध्यातलं जुनं सिलिकॉन न काढता कोट मारला तर कोट सिलिकॉनवर चढतो. सिलिकॉनवर कुठलाही रंग धरत नाही. तिथून कड उचलली जाते आणि पाणी कोटाखाली सरकतं. ब्लेडनं कड अलगद उचलून बघा. खाली रबरी पट्टी दिसली की कळलं. सिलिकॉन नुसतं कापूनही भागत नाही, त्याचा तेलकट अंश उरतो. तयार केलेल्या जागेवर पाणी शिंपडलं की ते सलग पसरायला हवं. कमळाच्या पानावरच्यासारखे थेंब झाले तर अजून सिलिकॉन आहे. नवं सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं ताज्या कोटावर नको.

तपासणी ८: वेस्ट कपलिंग आणि लवणारा तळ

बेसिनचं वेस्ट कपलिंग बहुधा ३२ मिलिमीटरचं असतं. ते काढून, कोट भोकाच्या आतल्या ओठापर्यंत नेऊन, नवीन वॉशरसह परत बसवायचं असतं. घाईत कारागीर धातूच्या कडीभोवती मास्किंग टेप लावतो आणि तिथेच कोट संपवतो. ती उघडी कड म्हणजे पाण्याला दिलेलं दार. कडीवरून रंग गेला असेल तर आणखी वाईट: कडी सैल-घट्ट झाली की रंगाचा काप फाटतो. बेसिनखालचा बॉटल ट्रॅप (बाटलीसारखा सांडपाण्याचा भाग) उघडून चेकनट (कपलिंग खालून आवळणारा नट) काढता येतो; घरच्या घरी पंधरा मिनिटांचं काम, खाली बादली ठेवून. टबाचं मात्र प्लंबरकडून करून घ्या, परत बसवताना गळती राहिली तर ती खालच्या मजल्याच्या छतावर उमटते.

ॲक्रिलिक किंवा फायबरच्या टबात अनवाणी उभे राहून टाच दाबा. तळ लवला, करकरला, तर खाली आधार नाही. कोट लवत नाही, तळ लवतो, मग चिरा पडणारच. बाजूच्या पाहणीच्या झडपेतून आधार भरून घ्यावा लागतो. तोवर रीकोटिंगचा विचार थांबवा.

तपासणी ९: गंज

बिडाला आणि पत्र्याला गंज लागतो तो जाळीच्या आणि ओव्हरफ्लोच्या भोकाशी. झडप उघडून खालून टॉर्च मारा, स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं हलकं टोचा. बीड जाड असतं, वरवरचा गंज घासून, गंजरोधक प्रायमर मारून वाचतं. पत्र्यात टोक आत गेलं तर टब संपला. त्यावर कोट मारून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे परत पाठवा.

घरी करता येण्याजोगं एवढंच

टवका रुपयाच्या नाण्याहून लहान, पट्टीच्या परीक्षेत कोट पास, नळ कोरडा, गंज नाही. या चारही अटी जुळल्या तरच.

सुट्या कडा ब्लेडनं कापा, जिथे कोट घट्ट आहे तिथपर्यंत. ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून टवका आणि भोवतीचा एक सेंटिमीटर घासा, मग ६००. कोरडं घासू नका; जुन्या एनॅमलमध्ये शिसं असू शकतं आणि ती धूळ छातीत जाते. पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करा, अर्धा तास वाळू द्या. खड्डा असेल तर इपॉक्सी लांबी, पातळ, दोन थरांत. वर टच-अपचा दोन-भागी पांढरा रंग बारीक ब्रशनं दोनदा, मधे डब्यावर लिहिलेलं अंतर ठेवून. अँगल कॉक बंद. ४८ तास पाणी नाही. मग १५०० आणि २००० नंबरनं ओलं घासून कडा मिळवा. रंगछटा तंतोतंत जुळणार नाही, ते धरूनच चला.

इथे थांबा आणि व्यावसायिकाला बोलवा

सगळा कोट उतरवायचा असेल तर घरी अजिबात करू नका. कोट उतरवणाऱ्या काही स्ट्रिपरमध्ये मेथिलीन क्लोराइड असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, टबात साचते, आणि टबात वाकून काम करणाऱ्याचं डोकं नेमकं तिथेच असतं. शरीरात त्याचं कार्बन मोनॉक्साइड होतं. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टबाचं रीकोटिंग करणारे १३ कामगार यानं दगावल्याची सरकारी नोंद आहे. २०१९ मध्ये तिथे घरगुती ग्राहकांना रंग काढण्यासाठी ते विकायला बंदी आली. बाथरूमची छोटी खिडकी उघडी ठेवणं पुरेसं नाही.

काचेला खरखरीत करणारं ॲसिड हायड्रोफ्लोरिक असेल तर त्याला हात लावू नका. सौम्य द्रावण त्वचेवर पडलं तर दुखायला काही तास लागतात, तोवर ते आत गेलेलं असतं. धुवून ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं आणि कुठलं ॲसिड ते सांगायचं. उपचार कॅल्शियम ग्लुकोनेटचा असतो.

पॉलीयुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्यानं दमा जडू शकतो, आणि साधा कापडी किंवा धुळीचा मास्क काही अडवत नाही. घरात दम्याचा रुग्ण, गरोदर बाई किंवा तान्हं मूल असेल तर काम चालू असताना आणि वास जाईपर्यंत त्यांना दुसरीकडे पाठवा. बाथरूममध्ये किंवा लगत गॅस गीझर असेल तर तो बंद, सिलिंडर बाहेर. रंगातल्या सॉल्व्हंटची (थिनरची) वाफ पेट घेते.

कारागिराला विचारायचं

जुना कोट कशानं उतरवणार? बिडाला काय, ॲक्रिलिकला काय लावणार? कपलिंग काढणार का? सिलिकॉन पूर्ण काढणार का? वाफ नळीनं बाहेर कशी सोडणार? स्वतः कुठला मास्क घालणार? 'चार तासांत काम, संध्याकाळी आंघोळ' असं उत्तर आलं की बोलणं तिथेच संपवा. साध्या तापमानाला पिकणाऱ्या कोटाला ८०० अंशांच्या भट्टीतल्या एनॅमलचा कणखरपणा येणार नाही, हे जो स्वतःहून सांगतो तो बहुधा काम जाणणारा असतो. नीट केलेला कोट दहा वर्षं सहज जातो.

काम कधी करायचं, हाही प्रश्न विचारा. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर टाळलेलं बरं. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते) किमान ३ अंश वर हवं. पावसाळ्यात हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली तर दवबिंदू साधारण २५ येतो, म्हणजे टब किमान २८ अंश हवा. बिडाचा टब तर हवेहून थंडच असतो. डोळ्यांना न दिसणारा ओलावा त्यावर बसतो, आयसोसायनेट त्याच्याशी क्रिया करून वायू सोडतं आणि कोटात छिद्रं पडतात. घाई असेलच तर डीह्युमिडिफायर आदल्या रात्रीपासून चालवायचा.

काम झाल्यावर अँगल कॉक बंद ठेवा आणि वर नळाच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवीही बांधा. ओल्या कोटावर पडलेला एक थेंब कायमचा खळगा करतो. उत्पादनानुसार ४८ ते ७२ तास पाणी नाही, आठवडाभर कुठलाही क्लीनर नाही, साबणाची वडी कडेवर नाही. सिलिकॉन भरताना ॲक्रिलिकचा टब असेल तर तो आधी पाण्यानं भरा, म्हणजे वजनानं खाली बसेल. तसाच भरलेला ठेवून सिलिकॉन दिवसभर सुकू द्या, आणि मगच जाळी उघडा. रिकाम्या टबाला भरलेलं सिलिकॉन पहिल्याच आंघोळीत ताणलं जाऊन सुटतं. कोट पुरता पिकायच्या आत हे करायला जाऊ नका. सांधा तोवर उघडा राहिला तरी चालतो.